चौथ्या इनिंगमध्ये कोसळणारा स्टार्टर: बुलपेनमध्ये हलवावं का?

स्कोअरबुक

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एका हायस्कूलच्या बेसबॉल संघात मी मदतनीस कोच आहे. नेमून दिलेलं काम स्कोअरबुक लिहायचं, पण पिचर (चेंडू टाकणाऱ्या) मुलांशी बोलणंही हळूहळू माझ्याकडेच आलंय. गेला आठवडाभर एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून इथे मांडतोय.

मुलगा सतरा वर्षांचा, उजव्या हाताचा. फास्टबॉल (वेगवान चेंडू) चांगला, स्लायडर (शेवटी वळून खाली बुडणारा चेंडू) त्याहून चांगला. चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू येणारा चेंडू) शिकतोय, पण सामन्यात कॅचरने (प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) तो मागितला की मान हलवून नकार देतो. या हंगामात पाच सामने त्याने सुरू केले, म्हणजे स्टार्टर म्हणून पहिल्या चेंडूपासून टाकले. ती पाचही पानं आत्ता समोर उघडी आहेत. पहिल्या दोन इनिंगच्या रकान्यांत जवळजवळ काहीच नाही. चौथ्या रकान्यात मात्र काळे चौकोन एकाखाली एक. (रन झाली की तो छोटा डायमंड पेन्सिलने भरून टाकायचा असतो.) एका सामन्यात तर मी इतकं दाबून भरलंय की पानाच्या मागच्या बाजूला वळ उठलेत.

मुख्य कोच म्हणतात, याला बुलपेनमध्ये (मधेच उतरणारे पिचर तयार होतात त्या जागी) बसवू, एक-दोन इनिंगपुरता आणू. हिशेब मला पटतो. दोनच भरवशाच्या पिच (चेंडूचे प्रकार) असल्या की समोरचा बॅटर दुसऱ्या-तिसऱ्यांदा येईपर्यंत दोन्ही ओळखून बसलेला असतो. थोडाच वेळ टाकायचंय म्हटल्यावर राखून ठेवायची गरज नाही, वेगही वाढेल.

पण मंगळवारी सराव संपल्यावर तो डगआउटच्या पायरीवर बसून ग्लोव्हची दोरी आवळत होता. वर न बघताच म्हणाला, "कोच, शुक्रवारी मी नाहीये ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या भल्याचं काय आहे? आणि ते त्याला सांगायचं कसं?

नववी इनिंग

हलवा, आणि त्याला मेजर लीगमधल्या पिचर वेड डेव्हिसची गोष्ट सांगा. कॅन्सस सिटी रॉयल्समध्ये २०१३ साली बहुतेक काळ स्टार्टर होता, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या रनांची सरासरी, कमी तितकी चांगली) ५.३२. २०१४ला रिलीव्हर (बुलपेनमधून मधेच येणारा पिचर) केला, ७२ इनिंग टाकल्या, ईआरए बरोबर १.००. वर्षभरात एकही होम रन दिली नाही. २०१५ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकली तेव्हा शेवटचा बॅटर त्यानेच बाद केला.

मारियानो रिव्हेराही १९९५ला यँकीजमध्ये स्टार्टर म्हणूनच आला होता. दहा सामने सुरू केले, जमलं नाही. १९९६ला बुलपेनमधून १०७⅔ इनिंगमध्ये १३० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद)! पुढे ६५२ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखत संपवलेले सामने), आणि हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवडला गेलेला पहिला खेळाडू. तुमच्या मुलाकडे स्लायडर आहे. एक खरोखर चांगली पिच असलेल्या पोरासाठी बुलपेन ही हक्काची जागा आहे, त्यात कमीपणा कसला?

जुना कॅचर

वरची उदाहरणं खरी आहेत, पण घाई नको. स्कोअरबुक, मला एक सांगा: चौथ्या इनिंगमध्ये तो कोसळतो तेव्हा बेसवर कोणी असतं का?

विचारायचं कारण असं. बेस रिकामे असताना पिचर वाइंडअपमधून टाकतो, सगळं सावकाश, लयीत. रनर (बेसवर पोहोचलेला बॅटर) आला की स्ट्रेचमधून टाकावं लागतं, पाय पटकन उचलायचा, नाहीतर बेस चोरला जातो, म्हणजे रनर पळून पुढचा बेस गाठतो. या वयाच्या कितीतरी मुलांची पिच तिथेच बिघडते. पुढचा पाय आधी टेकतो, हात मागे रेंगाळतो आणि स्लायडर खाली बुडायच्या ऐवजी छातीच्या उंचीवर लोंबत राहतो. मी बारा वर्षं प्लेटमागे बसून हे पाहिलंय. चेंडू हातातून सुटतानाच कळायचं की हा आता मिटमध्ये (माझ्या ग्लोव्हमध्ये) येत नाही.

दुखणं ते असेल तर बुलपेनने बरं होणार नाही, उलट चिघळेल. रिलीव्हरला बोलावतात कधी? दोघं बेसवर असताना. म्हणजे ज्या प्रसंगात तो चुकतो, नेमक्या त्याच प्रसंगात तुम्ही त्याला दर वेळी उभं करणार.

आणि खांद्याचं बघा. स्टार्टरला आपली वेळ माहीत असते, तो निवांत अर्धा तास शरीर तापवतो. रिलीव्हरला हाक आली की दहा-पंधरा पिचमध्ये तयार व्हायचं. तापवला, बसवला, पुन्हा तापवला, असं झालं तर ते चेंडू सामन्याच्या मोजणीत धरत नाहीत, पण हात सगळे मोजतो. पिच आणि विश्रांतीचे तुमच्या राज्याचे नियम पाळालच, तरी बुलपेनमधले चेंडूही वहीत लिहा. नाहीतर "थोडंच टाकतोय" म्हणून लागोपाठच्या दिवशी उतरवायचा मोह होतो.

पिचरची आई

मी सांगण्याबद्दल लिहिते. माझ्या मुलाला असंच हलवलं होतं, आणि त्याला ते भिंतीवर लावलेल्या यादीतून कळलं. घरी येऊन तो जेवला, अभ्यास केला, एक शब्द बोलला नाही. चार दिवसांनी गाडीत म्हणाला, "निदान सांगायचं तरी." बुलपेनचं त्याला दुःख नव्हतंच. कृपा करून हे काम दुसऱ्यावर सोपवू नका, तुम्ही स्वतः सांगा.

ही वाट एकतर्फी नाही, हेही सांगा. जॉन स्मोल्ट्झने २००२ साली ५५ सेव्ह केले आणि २००५ला पुन्हा स्टार्टर झाला. रेनाल्डो लोपेझ काही वर्षं बुलपेनमध्ये राहून २०२४ला अटलांटा ब्रेव्ह्ज संघाचा स्टार्टर झाला, ईआरए १.९९.

स्कोअरबुक

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना कॅचर, तुमचा प्रश्न वाचून पानं पुन्हा पहिल्यापासून बघितली. पाचपैकी चार सामन्यांत पडझड सुरू झाली ती पहिल्या वॉकनंतर (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो, तो वॉक). एका सामन्यात तर दुसऱ्या इनिंगमध्येच वॉक दिला होता आणि लगेच दोन हिट बसले होते, ते मी तेव्हा नशिबावर ढकललं होतं. एका पालकांनी काढलेला व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला. तुम्ही म्हणता तसाच पाय आधी टेकतोय.

मुख्य कोचशी बोललो. दोन आठवडे बुलपेन, पण त्याला फक्त इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे असतानाच उतरवायचं. लागोपाठ दोन दिवस नाही. दरम्यान सरावात वाइंडअप बंद, प्रत्येक पिच स्ट्रेचमधून. मग पुन्हा सामना सुरू करायला द्यायचा.

आज त्याला वही घेऊनच भेटलो. रकाने दाखवले, वॉकच्या खुणांवर बोट ठेवलं. बराच वेळ तो पान न्याहाळत बसला. मग विचारलं, "म्हणजे मी दमतो म्हणून नाही हे?" नाही म्हटल्यावर उठून कॅचरला शोधायला गेला. उद्या साडेतीनला दोघं येतायत, पंचवीस पिच टाकायच्या आहेत. पहिल्या बेसवर रनर म्हणून मी उभा राहतोय.