मदत हवी आहे: व्हीक्यूईचं उत्तर खऱ्या ऊर्जेच्याही खाली जातंय (तातडीचं!!)

चुकलेला_क्यूबिट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स, शेवटचं सत्र, प्रोजेक्ट व्हीक्यूईवर (क्वांटम संगणकाने रेणूची किमान ऊर्जा काढायची पद्धत). चार दिवस झाले, उत्तर −१.८५७ हार्ट्रीवर (रेणूंच्या ऊर्जेचं एकक) अडकलंय. यायला हवं −१.१३७. गाईड मॅडम म्हणतात की व्हेरिएशनल पद्धतीत खऱ्या उत्तराच्या खाली जाताच येत नाही, म्हणजे कोडच चुकलाय. कोड तीनदा नव्याने लिहिला, ऑप्टिमायझर बदलला, अँसॅट्झ (चाचणीचं सर्किट) बदलला. चौथ्या दशांशापर्यंत तेच. शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे. कुणी केलंय का हे? 'आधी गूगल करा' कृपया नको.

रात्रपाळी
कोणता रेणू? बेसिस (इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या फंक्शनांचा संच)? अणूंमधलं अंतर? सिम्युलेटर की खरं मशीन? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणून कसं चालेल?

चुकलेला_क्यूबिट
हायड्रोजनच की. सगळे तोच करतात ना.

रात्रपाळी
सगळे तोच करतात, पण अंतर आपापलं घेतात. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं?

सांख्यिकी_सम्राट
शॉट नॉइज आहे. मोजमापाचे नमुने मर्यादित असले की अंदाज खऱ्या किमान ऊर्जेच्या खालीही पडतो, व्हेरिएशनल तत्त्व तेव्हा वाचवत नाही. शॉट्स (मोजमापांची संख्या) १०२४ असतील तर १ लाख कर. मीही यात आठवडा घालवलाय.

डेल्फ्टहून
तो म्हणतोय चौथ्या दशांशापर्यंत तेच उत्तर येतं. नॉइज असता तर आकडा दर वेळी हलला असता. आणि ०.७२ हार्ट्रीचा फरक? इथे लोक ०.००१६ हार्ट्रीसाठी भांडतात, ती रासायनिक अचूकतेची मर्यादा.

सांख्यिकी_सम्राट
मी शक्यता सांगितली. चुकीची म्हणायला पुरावा द्या.

पठारी
बॅरन प्लॅटो! २०१८ मध्ये मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय की यादृच्छिक सर्किटमध्ये क्यूबिट (क्वांटम संगणकाचे बिट) वाढले की ग्रेडियंट (उतार) घातांकी वेगाने शून्याकडे जातो. ऑप्टिमायझर सपाट जागी बसून राहतो. अडकलाय म्हणतोय ना, मग तेच.

डेल्फ्टहून
हायड्रोजनला चार क्यूबिट, पॅरिटी मॅपिंगने कापले तर दोन. दोन क्यूबिटना कसलं पठार हो, अंगणातली पायरी ती. शिवाय पठारावर अडकलेला माणूस दरीच्या तळाच्या खाली कसा पोचेल?

जुनं_ते_सोनं
मुळात व्हीक्यूई कशाला? दोन क्यूबिट म्हणजे ४×४ ची मॅट्रिक्स, नमपायला (पायथॉनची गणिती लायब्ररी) एक ओळ. २०१९ मध्ये गूगलने ५३ क्यूबिटच्या सिकॅमोर चिपवर २०० सेकंदांचं काम केलं आणि सुपरकॉम्प्युटरला १०,००० वर्षं लागतील असं म्हटलं; आयबीएम म्हणालं अडीच दिवस. २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटवर आयसिंग मॉडेलचा (चुंबकत्वाचं साधं मॉडेल) प्रयोग केला, तर थोड्याच दिवसांत टेन्सर नेटवर्कवाल्यांनी (मोठी क्वांटम अवस्था लहान तुकड्यांत मांडायची पद्धत) तोच साध्या संगणकावर करून दाखवला. टेन्सर नेटवर्क शिका, आयुष्यभर पुरेल.

पठारी
म्हणजे तुमच्या मते सगळं क्वांटम संशोधन बंद करायचं?

जुनं_ते_सोनं
असं कुठे म्हटलं? बढाई बंद करा म्हटलं. २०१८ मध्ये इविन टँगने शिफारशींच्या क्वांटम अल्गोरिदमची क्लासिकल आवृत्ती काढली तेव्हाही असेच चेहरे पडले होते.

चुकलेला_क्यूबिट
अहो, माझं शुक्रवारचं काय?? अंतर ०.७३५ अँगस्ट्रॉम, बेसिस एसटीओ-३जी. स्टेटव्हेक्टर सिम्युलेटर (पूर्ण अवस्था थेट गणणारा), म्हणजे शॉट्स वगैरे नाहीतच. हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र) नेटवरून घेतला, पाच पदं: आयआय −१.०५२३७, आयझेड ०.३९७९४, झेडआय −०.३९७९४, झेडझेड −०.०११२८, एक्सएक्स ०.१८०९३.

रात्रपाळी
हे पहिल्या दिवशीच टाकलं असतंस तर? न्यूक्लियर रिपल्शन मिळवलंस का?

चुकलेला_क्यूबिट
ते हॅमिल्टोनियनमध्ये नसतं का?

रात्रपाळी
ह्या पाच पदांत नाही. ही फक्त इलेक्ट्रॉनिक ऊर्जा आहे. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात त्याची ऊर्जा अणुएककांत १ भागिले अंतर. अंतर बोरमध्ये (१ बोर = ०.५२९१७७ अँगस्ट्रॉम) घ्यायचं, म्हणून ०.५२९१७७ भागिले ०.७३५, म्हणजे ०.७१९९७. आता −१.८५७२७ मध्ये ते मिळव.

चुकलेला_क्यूबिट
−१.१३७३०!!!! चार दिवस! दादा, पाय कुठे आहेत तुमचे.

रात्रपाळी
दादा नाही, ताई. आणि मॅडमना सांग, व्हेरिएशनल तत्त्व शाबूत आहे. तुझं −१.८५७ हे त्या पाच पदांचं अगदी बरोबर उत्तर होतं. तू तुलना भलत्याच आकड्याशी करत होतास.

सांख्यिकी_सम्राट
माझा मुद्दा खऱ्या मशीनवर लागू होतोच. एकट्या एक्सएक्स पदामुळे १०२४ शॉट्सना साधारण ०.०५६ हार्ट्रीची त्रुटी येते.

डेल्फ्टहून
०.००५६. ०.१८ भागिले ३२ करा. शून्य सांभाळा.

सांख्यिकी_सम्राट
टायपो. तरीही ०.००१६ पेक्षा जास्तच ना.

डेल्फ्टहून
हे मात्र मान्य.

शुद्धलेखन_काका
अवांतर: मराठीत 'पुंजयामिकी' असा सुंदर शब्द असताना क्वांटम, नॉइज, प्लॅटो? निदान 'पठार' तरी म्हणा.

पठारी
काका, माझं नाव वाचा.

नोकरदार_नाना
माझी एफडी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. क्वांटममुळे पासवर्ड फुटतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. मोडू का?

जुनं_ते_सोनं
नाना, मोडू नका. २०४८ बिटांचं आरएसए (इंटरनेटवरचं कूटलेखन) फोडायला २०१९ च्या अंदाजानुसार २ कोटी क्यूबिट लागणार होते; २०२५ मध्ये गूगलच्याच गिडनीने तोच अंदाज १० लाखांच्या आत आणला. गूगलच्या विलो चिपवर क्यूबिट आहेत १०५. तुमची एफडी त्याआधी मॅच्युअर होईल.

आईची_काळजी
मुलगी यंदा कम्प्युटर सायन्सला जातेय. क्वांटमसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा? बजेट ६०,०००.

पठारी
ताई, स्टेटव्हेक्टरला एका क्यूबिटमागे रॅम दुप्पट लागते. ३० क्यूबिटना १६ जीबी, ३१ ना ३२. म्हणजे कोणताही घ्या, दोन-तीन क्यूबिटांचाच फरक.

चुकलेला_क्यूबिट
परत आलो, सॉरी. मॅडमना अंतर बदलून आलेख हवाय. ०.३ पासून २.५ अँगस्ट्रॉमपर्यंत काढला, रिपल्शन दर अंतराला नवीन मिळवलं. पण खड्डाच येत नाही! अंतर वाढेल तशी ऊर्जा खालीच जातेय. माझ्या मते हायड्रोजनचा रेणू अस्तित्वातच नाही.

डेल्फ्टहून
पाचही सहगुणक तेच ठेवलेस का?

चुकलेला_क्यूबिट
हो. हॅमिल्टोनियन तोच ना, रेणू तोच.

डेल्फ्टहून
अरे बाबा. ते सहगुणक फक्त ०.७३५ चे. अंतर बदललं की इंटिग्रल बदलतात. दर अंतराला पायएससीएफ या रसायन-गणनेच्या लायब्ररीकडून नवीन काढ.

चुकलेला_क्यूबिट
पायएससीएफ इन्स्टॉल होत नाही. लाल अक्षरांची दोन पानं येतात.

रात्रपाळी
विंडोज असणार. हेही सांगितलं नाहीस. तिथे ते थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) घे किंवा सरळ कोलॅबवर (गूगलची ऑनलाइन सोय) जा. आणि किस्किटचं (आयबीएमची क्वांटम लायब्ररी) जुनं ट्युटोरियल उतरवत असशील तर १.० पासून बरंच काही हललंय, अल्गोरिदमचं पॅकेज वेगळं झालंय. परत चार दिवस घालवू नकोस.

जुनं_ते_सोनं
पायएससीएफ टाकतोच आहेस तर त्यातच एफसीआय (त्या बेसिसमधलं अचूक उत्तर) आहे. तीन ओळींत पूर्ण आलेख. क्वांटमची गरज राहत नाही.

डेल्फ्टहून
त्याचा प्रोजेक्ट व्हीक्यूईवर आहे, तुमच्या मतावर नाही. पण एफसीआय काढच, तुलनेला लागेल.

चुकलेला_क्यूबिट
कोलॅबवर आला!! ०.७३५ जवळ खड्डा दिसतोय. उजवीकडे −०.९३ च्या आसपास सपाट होत चाललाय. हे बरोबर ना?

रात्रपाळी
बरोबर. ह्या बेसिसमध्ये एका हायड्रोजन अणूची ऊर्जा −०.४६७ येते, दोघांची −०.९३३. परीक्षक इथेच पकडतील: खऱ्या अणूची −०.५ असते, मग तुझी त्याच्या वर का? उत्तर: बेसिस तोकडा. तसंच खऱ्या रेणूची −१.१७४ आहे, तुझं −१.१३७ ही एसटीओ-३जी मधली अचूक किंमत. स्लाइडवर नुसतं 'खरी ऊर्जा' लिहू नकोस.

चुकलेला_क्यूबिट
अरे देवा, शीर्षकातच लिहिलंय. बदलतो. शेवटच्या स्लाइडवर 'क्वांटम अ‍ॅडव्हांटेज' (साध्या संगणकावर मात) टाकू का?

रात्रपाळी
नको.

डेल्फ्टहून
नको.

जुनं_ते_सोनं
पहिल्यांदाच तिघांचं एकमत.

नवा_गडी
धागा पूर्ण वाचला नाही, पण शॉट्स वाढवून पाहिलेत का?