पोस्टरवरचं दृश्य खोटं चालेल, सूर खोटा नको

मध्यंतर
'पोस्टरवरून काही वेगळंच वाटलं होतं' ही तक्रार आपण सगळेच करतो. माझं म्हणणं जरा आडवं आहे. पोस्टरवर सिनेमातलंच दृश्य असलं पाहिजे, अशी सक्ती नको. सिनेमाचा सूर मात्र बरोबर लागला पाहिजे.

१९७९ च्या 'एलियन'चं पोस्टर आठवा. काळ्याभोर पोकळीत एक अंडं, खाली तडा, तड्यातून झिरपणारा हिरवट-पिवळा उजेड. सिनेमात अंडी आहेत, पण ती अशी दिसत नाहीत. पोस्टरवरचं अंडं चक्क कोंबडीच्या अंड्याच्या वळणाचं आहे. तरी कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही, कारण खरं काम तो काळा रंग करतो. एवढ्या रिकामपणात हाक मारली तरी ऐकायला कुणी नाही, हे नजरेला आधीच कळतं. नट नाही, यान नाही, राक्षसही नाही.

दुसरा मुद्दा उसन्या शैलीचा. जुन्या पोस्टरची ढब उचलली की नवा सिनेमा सांगत असतो, 'आम्हीही त्याच घराण्यातले.' सांगा, हरकत नाही. पण मग गाणंही त्या घराण्याचं हवं. पोस्टरकार सॉल बासने १९५९ मध्ये 'अनॅटमी ऑफ अ मर्डर'साठी तुकडे तुकडे केलेली मानवाकृती काढली. स्पाइक लीच्या १९९५ मधल्या 'क्लॉकर्स'च्या पोस्टरवर जवळपास तीच आकृती आली. बास चिडला, करणाऱ्यांनी त्याला मानवंदना म्हटलं. चोरी की मानवंदना, हा वाद मला दुय्यम वाटतो. बासचा सिनेमा कोर्टातला आहे. तिथे एका खुनाची चिरफाड होते, वकील सत्याचे सोयीचे तुकडे करतात, म्हणून ते शरीर सुटं सुटं आहे. 'क्लॉकर्स'मध्ये तीच आकृती रस्त्यावर पडलेलं प्रेत होऊन बसते. आकार आला, अर्थ मागेच राहिला.

शेवटचीरांग
पटलं नाही. पोस्टर हे गिऱ्हाईक बोलावण्यासाठी असतं. माणूस चालता चालता त्याच्याकडे दोन क्षण बघतो. तेवढ्यात त्याला कळायला हवं की सिनेमा हसवणारा आहे की घाबरवणारा, आणि त्यात आहे कोण. निळा-नारिंगी रंग, आकाशात तरंगणारी मुंडकी, पाठमोरा नायक यांची टिंगल सोपी आहे. पण नवे लोक तेच पुन्हा पुन्हा का वापरतात? ते बघणाऱ्याला वाचता येतं म्हणून.

आणि 'जॉज'चं (१९७५) काय करायचं? सिनेमा शार्कला कितीतरी वेळ लपवून ठेवतो, सगळी भीती त्या लपवण्यात आहे. पोस्टर मात्र तिला पहिल्याच फटक्यात उघडी करतं, तीही सिनेमातल्या माशाहून अवाढव्य. तुमच्या सुराच्या हिशेबाने तिथे नुसता शांत समुद्र हवा होता. नुसत्या समुद्राला कोण आलं असतं?

मध्यंतर
@शेवटचीरांग, 'जॉज' माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. मासा मोठा केलाय, कबूल. पण चित्राची रचना बघा. वर पोहणारी बाई, खाली सरळ वर येणारा जबडा, मध्ये थोडंसं पाणी. तिला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. सिनेमाचा पहिला हल्ला याच अंतरावर उभा आहे. शिवाय रॉजर कास्टेलने ते चित्र मुळात कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी केलं होतं, सिनेमाने ते तसंच उचललं. म्हणजे सिनेमातलं एकही दृश्य न दाखवता नेमका सूर लागला. मी दुसरं काय म्हणतोय?

तिरकीरेघ
पोस्टर बनवायचं हे काम मी पोटापाण्यासाठी करते, म्हणून थोडी धूळ उडवते. तुम्ही ज्याला सूर म्हणताय, त्यातला बराचसा करारपत्रातून उरलेला असतो. कुणाचं नाव कितव्या स्थानी, कुणाचं किती मोठं, हे आधीच ठरलेलं असतं. अक्षरांचा आकार बऱ्याचदा सिनेमाच्या नावाच्या टक्केवारीत बांधून दिलेला असतो, आणि मोजतात ती उंची. म्हणून खालची श्रेयनामावली ती चेपलेली, काटकुळी अक्षरं वापरते. उंची पाळली, जागा वाचली.

'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) बघा. स्टीव्ह मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली, पॉल न्यूमनचं उजवीकडे पण वर. दोघांनाही वाटावं पहिला मीच. आता या जिन्यातून कोणता सूर ऐकू येतो ते सांगा.

उसन्या शैलीबद्दल मात्र मी मध्यंतरच्या बाजूने. ट्रेजन हा फॉन्ट कॅरोल ट्वॉम्बलीने १९८९ मध्ये अडोबीसाठी केला, रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावरच्या कोरीव अक्षरांवरून. भव्य इतिहासपटाला ठीक. पुढे भूतपट, प्रेमपट, वकिली नाट्य, सगळ्यांनी तो लावला, आणि आता त्या अक्षरांतून फक्त 'हा सिनेमा आहे बरं का' एवढंच कळतं.

उसवण
मध्यंतर, तुमच्या मांडणीतली खरी अडचण कुणी काढली नाही. सूर सिनेमात असतो आणि पोस्टर तो पकडतं, असं तुम्ही गृहीत धरलंय. 'व्हर्टिगो' घ्या. १९५८ चं बासचं पोस्टर भडक नारिंगी, पांढरं भोवऱ्यासारखं वेटोळं, त्यात पडणाऱ्या दोन आकृत्या. म्हणजे चक्कर, ओढ, तोल जाणं. १९६३ मध्ये पोलंडमध्ये रोमान चेश्लेविचने त्याच सिनेमासाठी कवटी काढली. म्हणजे मरण. यातलं चुकीचं कोणतं? मला तर कवटी जास्त खरी वाटते, कारण सिनेमाचा नायक अखेर एका मेलेल्या बाईच्याच प्रेमात आहे.

त्या काळात पोलंडमध्ये वितरण सरकारी होतं. तिकीट खपवायचं ओझं चित्रकारावर फारसं नव्हतं, नटाचा चेहरा मोठा काढायची सक्तीही नव्हती. त्याने सिनेमा वाचला आणि आपलं वाचन कागदावर उतरवलं. सूर म्हणतात तो सिनेमाचा असतो तितकाच चित्रकाराचाही.

शेवटचीरांग
@उसवण, म्हणूनच ती पोस्टरं आज संग्रहालयांच्या भिंतींवर शोभतात. खपवायचं ओझं नसलं की सगळेच कलावंत. ज्याने सिनेमा पाहिलाच नाही त्याला त्या कवटीवरून काय कळणार? भूतपट समजून आत जाईल.

उसवण
गेला तर चांगलाच घाबरून बाहेर येईल. काय बिघडलं?

खडूफळा
तुम्ही सगळे छापील कागदावर अडकलात. ओटीटीवर पोस्टरच्या जागी छोटी चौकट आली, आणि तीही प्रत्येकाला निराळी. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वतःच ही पद्धत समजावून सांगितली होती. उदाहरण 'गुड विल हंटिंग'चं होतं. प्रेमपट बघणाऱ्याला त्यातलं जोडपं दाखवायचं, विनोदी सिनेमे बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्स. मध्यंतर, यातला सूर कोणता धरायचा?

मध्यंतर
कुठलाच नाही. ही तोंडदेखली खुशामत आहे. रॉबिन विल्यम्स त्या सिनेमात बायको गमावलेला मानसोपचारतज्ज्ञ आहे. विनोदाच्या अपेक्षेने बसलेल्या माणसाला ती चौकट सरळ फसवते.

शेवटचीरांग
गंमत बघा. 'एलियन'चं अंडं सिनेमातलं नाही, ते तुम्हाला चालतं. इथे चेहरा खरा, नट खरा, तर तुम्ही फसवणूक म्हणता.

मध्यंतर
हो, तसंच म्हणतो. पहिल्या ओळीपासून तेच म्हणतोय. आणि उसवण यांचा मुद्दा घेऊनही म्हणतो: एका सिनेमाची दोन वाचनं असू शकतात, पण दोन्हीसाठी कुणीतरी तो वाचलेला असावा लागतो. चौकट निवडणाऱ्या यंत्राने सिनेमा वाचलेला नाही, त्याने फक्त तुम्हाला वाचलंय.

तिरकीरेघ
यंत्राचं सोडा, चौकटीच्या मापाचं बोला. 'रोझमेरीज बेबी'चं (१९६८) पोस्टर आहे ना, हिरव्या छटेत मिया फॅरोचा आडवा चेहरा आणि त्यावर इवलीशी काळी बाबागाडी? सगळी भीती त्या गाडीच्या लहानपणात आहे. नखाएवढ्या चौकटीत ती दिसणारच नाही. आज मी ते घेऊन गेले, तर पहिल्याच बैठकीत सांगतील, "छान आहे, फक्त गाडी मोठी करा. आणि तो हिरवा जरा कमी."

शेवटचीरांग
मीही तेच सांगितलं असतं.