गिरगावातली उपकरप्राप्त चाळ, भूखंड ७२० चौ.मी. संमतीपत्रावर सह्या करण्याआधी काय तपासावे?

जिन्याखालचा_दिवा

तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ, १९४० पूर्वीची, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींच्या ‘अ’ वर्गातली. ४८ बिऱ्हाडे, खोल्या १२० ते १८० चौ. फूट, रस्त्याच्या बाजूने ६ गाळे, प्रत्येकी साधारण १२० फूट. मिळकतपत्रिकेवर भूखंड ७२० चौ.मी. मालकाने जागा बिल्डरला विकली आहे आणि बिल्डर विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली (उपकरप्राप्त इमारतींसाठीचा नियम) पुनर्विकासासाठी संमतीपत्रे गोळा करतो आहे. देऊ केले आहे ते असे: प्रत्येकी ४०५ फूट कार्पेट, तीन लाख कॉर्पस (देखभालीसाठीची ठेव), घरभाडे, आणि माहितीपत्रकात जिम, पोहण्याचा तलाव, आठव्या मजल्यावर ‘स्काय गार्डन’, गच्चीवर बाग. २१ सह्या झाल्या आहेत.

यातले खरोखर मिळण्यासारखे काय, आणि सही करण्याआधी कागदावर काय आले पाहिजे? जाणकारांनी आकड्यांसह सांगावे.

---

नकाशेवाला

आधी ४०५ चा उगम पाहू, म्हणजे वाटाघाटी कुठून सुरू करायच्या ते कळेल. विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे ३३(७) मध्ये निवासी भाडेकरूला किमान २७.८८ चौ.मी. म्हणजे ३०० फूट कार्पेट मिळतेच, खोली १२० फुटांची असली तरी. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वरचे जादा क्षेत्र, जे पुनर्वसनाच्या भागाला अधिमूल्य (त्यासाठीचे शुल्क) न भरता मिळते. ३०० अधिक १०५ बरोबर ४०५. थोडक्यात, नियम जेवढे देतो तेवढेच बिल्डरने देऊ केले आहे. ज्यांच्या एकाच पावतीवर दोन खोल्या असून क्षेत्र ३०० च्या वर जाते, त्यांना मूळ क्षेत्र अधिक ३५ टक्के मिळायला हवे. ३४० फुटांचे ४५९ होतात. सगळ्यांना सरसकट ४०५ असे लिहिले असेल तर त्या बिऱ्हाडांचे नुकसान आहे.

आता भूखंडाची ताकद. ४८ घरे गुणिले २७.८८ आणि गाळ्यांचे ६७, मिळून १४०५ चौ.मी. कार्पेट. भिंती वगैरे धरून १.२ पट केले की १६८६ चौ.मी. बांधीव. एकट्या भूखंडाला त्यावर ५० टक्के प्रोत्साहन (बिल्डरला विक्रीसाठी मिळणारे जादा बांधकाम), म्हणजे ८४३. बेरीज २५२९. दुसरा पर्याय ३ एफएसआयचा, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकामाचा, तो होतो २१६०. दोहोंत जास्त ते मिळते, म्हणून २५२९.

विक्रीला ८४३ आणि त्यावर अधिमूल्य भरून घेतलेले ३५ टक्के, एकूण ११३८ चौ.मी., म्हणजे सुमारे १२,२५० चौ. फूट बांधीव. तुमची घरे फंजिबलसह २२७६ चौ.मी. म्हणजे विक्रीच्या एका फुटामागे तुमचे दोन फूट फुकट बांधायचे, वर घरभाडे, कॉर्पस आणि पालिकेचे शुल्क. गिरगावातल्या दराने हे बसू शकते, पण फार सैल बसत नाही. अशा प्रकल्पात बाजार मंदावला की पहिले थांबते ते घरभाडे.

मजले किती होतील तेही बघा. इमारतीभोवती सोडायची समासातली जागा, अग्निशमनाचा बंब फिरण्याची वाट, दोन जिने, लिफ्ट हे सगळे वजा जाता एका मजल्यावर २०० चौ.मी. राहण्याची जागा निघाली तर १७ मजले, त्याखाली गाळे आणि पार्किंग. उंची ६० मीटरच्या आसपास. ३२ मीटर ओलांडले की इमारत उत्तुंग गणली जाते आणि अग्निशमनाचे कडक नियम लागतात.

माहितीपत्रकातले ‘स्काय गार्डन’ नेमके आठव्या मजल्यावर असेल तर ती बहुधा रेफ्युजची जागा आहे. आगीच्या वेळी माणसांनी येऊन थांबायची ती जागा, ठरावीक उंचीनंतर ठेवावीच लागते आणि मोकळीच ठेवावी लागते. तिथे कुंड्या, बाकडी, जाळ्या बसवल्या की अग्निशमन दलाच्या तपासणीत अडचण होते. सुविधा म्हणून ती मोजूच नका.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मनोरंजनासाठी मोकळी जागा सोडण्याची सक्ती १००० चौ.मी.च्या वरच्या भूखंडांना आहे: २५०० पर्यंत १५ टक्के, १०,००० पर्यंत २०, त्यापुढे २५. तुमचा भूखंड ७२० चा. अंगण मिळावे असा नियमाचा आधारच नाही, जे मिळेल ते करारातूनच.

---

पावतीपुस्तक

कागदपत्रांपुरते लिहितो, कारण घर हातचे जाते ते इथेच.

म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ भाडेकरूंची आणि त्यांच्या क्षेत्राची यादी प्रमाणित करते. अंतिम दिनांक १३ जून १९९६. त्यानंतर एका खोलीच्या दोन पावत्या केल्या असतील तर घर एकच धरले जाते. पोटमाळा, बाहेरचा सामाईक सज्जा, मोरीबाहेरची जागा मोजणीत येत नाही, खोलीतले कार्पेट येते. मोजणीला अभियंता येईल तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाने हजर राहून मोजमापाच्या नोंदीची प्रत मागावी.

पुरावे: भाडेपावती, १९९६ पूर्वीची मतदारयादी, बेस्टचे वीजबिल, शिधापत्रिका. चारही एकाच नावाने आणि एकाच खोली क्रमांकाने जुळले पाहिजेत. पावतीवर ‘खोली १४’ आणि बिलावर ‘१४ अ’ असला किरकोळ फरकही पात्रता अडकवतो. तो आताच दुरुस्त करून घ्या, चाळ पाडल्यावर खोली दाखवता येत नाही.

मूळ भाडेकरू हयात नसेल तर पावती आधी नावावर करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ७(१५)(ड) प्रमाणे मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. मृत्युपत्राने तो कोणाला देता येत नाही. भावाभावांत मतभेद असतील तर ते मिटवून एकाचे नाव ठरवा. वाद न्यायालयात राहिला तर त्या खोलीचा करार लटकतो.

पालिकेची कलम ३५४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस लागून इमारत रिकामी करायची वेळ आली, तर पाडकामाआधी प्रत्येक भाडेकरूच्या क्षेत्राची नोंद पालिकेकडून लेखी घ्या. तो कागद हातात नसताना चावी देऊ नका.

आणि संमती. प्रत्येक इमारतीत ५१ टक्के लागते, ४८ अधिक ६ मध्ये २८ होतात. ही संमती अपरिवर्तनीय असते. २१ झाल्या म्हणजे फक्त सात उरल्या. एकदा २८ गाठले की तुमचे म्हणणे ऐकण्याची बिल्डरला निकड राहत नाही. म्हणून उरलेल्यांनी एकेकट्याने सही न करता समितीमार्फत एकच मसुदा पुढे करावा. कोऱ्या मुद्रांक कागदावर सही तर मुळीच नको.

---

जिन्याखालचा_दिवा

दोघांचेही आभार. दोन शंका. विक्रीच्या घरांची महारेरात (घरखरेदीदारांसाठीच्या नियामकाकडे) नोंद होणार आहे, तर आम्हालाही ते संरक्षण लागू होते का? आणि काही जण म्हणतात की बिल्डर टाळाटाळ करू लागला तर ७९-अ खाली म्हाडा इमारत ताब्यात घेते. खरे का?

---

पावतीपुस्तक

महारेरातली नोंद मुख्यतः विक्रीच्या घरांसाठी. पुनर्वसनाच्या घरात तुम्ही पैसे देऊन खरेदी करणारे नसता, त्यामुळे तो कायदा आपल्याला सांभाळेल असे गृहीत धरू नका. तुमचे संरक्षण म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार: प्रत्येकाचा वेगळा, मुद्रांक भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, सोबत मजला आणि घर क्रमांक दाखवणारा नकाशा. हा करार खोली रिकामी करण्याआधी झाला पाहिजे.

७९-अ नावाची दोन कलमे आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. एक सहकारी संस्था कायद्यातले. त्याखालची ४ जुलै २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत सोसायट्यांसाठी आहेत. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी तिथली. भाडेकरूंना ती थेट लागू नाही, पण मागणीचे माप म्हणून जरूर वापरा. दुसरे म्हाडा कायद्यातले. धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने, त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, त्यानंतर म्हाडा. इमारत धोकादायक घोषित झालेली असणे ही पहिली अट. २०२५ मध्ये म्हाडाच्या अशा शेकडो नोटिसांना उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तिथे प्रश्न हाच होता की इमारत धोकादायक ठरवली कोणी आणि कशाच्या आधारे. तेव्हा त्या कलमाच्या भरवशावर कच्चा करार पत्करू नका.

---

टाकी_आणि_पंप

सुविधांचा विचार पाण्यापासून करा. माणशी १३५ लिटर, घरात पाच माणसे धरली तर ४८ घरांना रोज ३२,४०० लिटर. विक्रीची १४ घरे धरली तर आणखी ९,४५०. म्हणजे दिवसाला सुमारे ४२,००० लिटर. पालिकेचे पाणी ठरावीक वेळेलाच येते, म्हणून जमिनीखालची टाकी किमान दीड दिवसाची, ६३,००० लिटरची मागा. अग्निशमनाची टाकी यात धरायची नाही, ती वेगळी असते. पंप दोन, एक चालू आणि एक राखीव. दुसरा पंप ‘नंतर बसवू’ म्हटला की तो कधीच येत नाही.

पोहण्याचा तलाव सहा मीटर बाय तीन, खोली सव्वा मीटरच्या आत धरली तरी २१ हजार लिटरच्या पुढे पाणी लागते. इमारतीचे अर्ध्या दिवसाचे पाणी! शिवाय गळती, क्लोरीन, गाळणीची वीज. ६२ घरांच्या इमारतीने त्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या बदल्यात तिसरी लिफ्ट मागा.

लिफ्टबद्दल नुसते ‘१३ माणसांची’ लिहून भागत नाही. १३ माणसे म्हणजे ८८४ किलो, पण डबा रुंद आणि उथळही असू शकतो. स्ट्रेचर आडवे जायला आतली खोली दोन मीटरच्या वर हवी. नकाशात तो आकडा लिहून घ्या. म्हातारी माणसे तिसऱ्या मजल्यावरून चौदाव्यावर जाणार, त्यांच्यासाठी याहून मोठी सुविधा कुठलीच नाही. जनित्रावर किती लिफ्ट चालतील तेही लिहा, फक्त एक आणि जिन्यातले दिवे एवढ्यावर पुष्कळदा भागवले जाते.

पार्किंग: ४५ चौ.मी.पर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी हा नियम. तुमच्या ४८ घरांच्या वाट्याला १२ जागा येतात, त्या पुनर्वसनाच्या नावाने नकाशात रंगवून घ्या. यांत्रिक पार्किंगमध्ये खड्ड्यातला प्रकार टाळा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरते आणि मोटर जळते.

कॉर्पसचा हिशेब करून पाहा. देखभाल फुटाला दहा रुपये धरली तर ४०५ फुटांना महिना ४,०५०. तीन लाखांवर सात टक्के व्याज म्हणजे वर्षाला २१,०००, महिन्याला १,७५०. उरलेले २,३०० दर महिन्याला खिशातून. सगळी देखभाल व्याजातून निघायची तर कॉर्पस ६ लाख ९४ हजार हवा. जिथे आज भाडे शंभर-दोनशे रुपये आहे तिथे हा फरक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला घर विकायला लावतो. म्हणून सुविधा कमी आणि कॉर्पस जास्त, हीच मागणी लावून धरा. कॉर्पस बिल्डरच्या खात्यात न राहता संस्थेच्या नावाने मुदत ठेवीत जावा.

---

शेजारभिंत

खोदकामाबद्दल कोणीच लिहिले नाही. दोन्ही बाजूंना जुन्या, भारवाही भिंतींच्या चाळी असतील तर तळघर किंवा खोल पार्किंग खोदताना त्यांच्या पायाखालची माती सरकते. गिरगावात भूजल वर आहे. पाणी उपसले की शेजारची जमीन बसते आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. मग शेजारी न्यायालयात जातात, काम थांबते, आणि तुम्ही भाड्याच्या घरात अडकता.

उपाय सोपे आहेत, फक्त आधी करायचे असतात. खोदण्यापूर्वी शेजारच्या इमारतींची छायाचित्रांसह संरचनात्मक तपासणी, भेगांवर काचपट्ट्या (भेग वाढली की त्या तुटतात), चहूबाजूंनी एकमेकांत गुंतलेल्या पाइल्सची भिंत, आणि आठवड्याला एकदा कल मोजण्याची नोंद. मेट्रो ३ चा बोगदा जवळ असेल तर मेट्रोची ना-हरकतही लागते. ती मिळण्याआधी चाळ रिकामी करू नका.

---

नकाशेवाला

शेजारभिंत यांच्या मुद्द्यावरून एक पर्याय सुचतो. शेजारच्या चाळीही ‘अ’ वर्गातल्या असतील तर दोन ते पाच भूखंड एकत्र केल्यास प्रोत्साहन ५० ऐवजी ६० टक्के होते, सहा किंवा अधिक असल्यास ७०. तुमच्या १६८६ वर ८४३ ऐवजी १०१२. एकत्रित क्षेत्र १००० च्या वर गेले की मोकळ्या जागेचा नियम आधाराला येतो आणि समासाची जागाही वाया जात नाही.

---

पावतीपुस्तक

दोन-तीन भूखंडांपर्यंत ठीक, त्यापुढे माझा विरोध आहे. ३३(९) च्या समूह पुनर्विकासाला शहर भागात किमान ४००० चौ.मी. लागतात. एफएसआय ४ मिळतो, घरही मोठे मिळते, पण मालक अनेक, दावे अनेक. भेंडीबाजारातल्या साडेसोळा एकरांचा ट्रस्ट २००९ सालचा आहे आणि काम अजून टप्प्याटप्प्याने चालू आहे. तिथे पाठीशी ट्रस्ट होता. तुमच्या मागे एक बिल्डर आहे.

---

जिन्याखालचा_दिवा

मसुद्यात हे घालतो आहोत: क्षेत्र पावतीनिहाय, तलावाऐवजी तिसरी लिफ्ट, सात लाख कॉर्पस, १२ गाड्या, २४ महिन्यांचे भाडे आगाऊ वेगळ्या खात्यात. गणपतीच्या मांडवासाठी जागा मागायची आहे, ती कशी लिहावी?

---

नकाशेवाला

‘तळमजल्यावर किंवा पोडियमवर (पार्किंगच्या वरच्या सामाईक मजल्यावर) छताखालची ६० चौ.मी. सलग जागा, मध्ये खांब नाही, स्वच्छ उंची ४.५ मीटर, वीजजोडणी आणि पाण्याचा नळ, पुनर्वसन व विक्री दोन्ही भागांना सामाईक’ असे लिहा आणि नकाशात तिची चौकट आखून घ्या. तळमजल्यावर गाळे आणि गाड्यांची वाट असल्याने बहुधा पोडियमच मिळेल. तसे झाले तर मूर्ती वर नेण्यासाठी उताराची रुंदी आणि वळण तपासा. गाळेधारकांचेही तसेच: क्षेत्र तेवढेच मिळते, पण रस्त्याकडच्या दर्शनी रुंदीचा आकडा करारात नसेल तर अरुंद, खोल गाळा पदरात पडतो. दहा फुटांची शटर आज असेल तर दहा फूट असेच लिहून घ्या.