वडिलांची गाडी महापालिकेने 'बेवारस' ठरवून उचलली. परत कशी मिळवू?

कृष्णाकाठची (१७ जून, रात्री ११.२०)

मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण तारखांना महत्त्व आहे.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. सातारा आगारातून निवृत्त झाले तेव्हा, २०१२ साली, फंडाच्या पैशातून त्यांनी वॅगन आर घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांना गावोगावी पोचवलेल्या माणसाची स्वतःची पहिली गाडी. पासिंग एमएच ११, आरसीवर वाई तालुक्यातल्या आमच्या गावचा पत्ता. दोन वर्षांपूर्वी त्यांना डायलिसिस सुरू झालं आणि आई-बाबा माझ्याकडे शहरात राहायला आले. गाडीही आली. सोमवार-गुरुवार मीच त्यांना त्या गाडीतून दवाखान्यात नेत होते. शेवटची फेरी २४ मार्चला.

२८ मार्चला, पाडव्याच्या दोन दिवस आधी, बाबा गेले. आम्ही त्यांना गावी नेलं. तेराव्यानंतर परत यायचं होतं, पण आईची तब्येत ढासळली आणि मी तिथेच थांबले. आमच्या सोसायटीत फ्लॅटमागे एकच पार्किंग आहे, तिथे नवऱ्याची गाडी असते. बाबांची गाडी फाटकाबाहेर, जांभळाच्या झाडाखाली, रस्त्याच्या कडेला लावलेली होती. नो पार्किंगचा बोर्ड तिथे नाही. नवरा याच काळात कामासाठी परराज्यात होता, त्यामुळे घराला कुलूप.

१४ जूनला परतले तर गाडी नाही. चोरीला गेली समजून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सांगितलं, "आधी प्रभाग कार्यालयात विचारा, गेल्या महिन्यात मोहीम झाली होती." शनिवार होता, कार्यालय बंद. ते दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही.

सोमवारी अतिक्रमण विभागात त्यांनी रजिस्टर काढलं. ८ मेला काचेवर स्टिकर लावला, सात दिवसांची मुदत. १९ मेला क्रेनने उचलली. शेरा असा: "चाकात हवा नाही, धुळीने माखलेली, मालक आढळून आला नाही. बेवारस." फाटकापासून दहा पावलांवर गाडी, आणि सोसायटीत कुणालाही विचारलं नाही. वॉचमन म्हणतो, मी स्टिकर पाहिला, पण ताईंचा नंबर माझ्याकडे नव्हता. पोस्टाने गावी काही आलं नाही. आलं असतं तर मी तिथेच होते, माझ्याच हातात पडलं असतं.

आता म्हणतात, उचलण्याचा खर्च आणि रोजचं भाडं मिळून १४,५०० रुपये भरा, आणि मालकाला घेऊन या. मालक कुठून आणू? लवकरच लिलावाची यादी निघणार आहे, असंही बोलता बोलता सांगितलं.

गाडीचा विमा सप्टेंबरपर्यंत आहे. पीयूसी एप्रिलमध्ये संपली, हे खरं. नोंदणी २०२७ पर्यंत आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांचा एसटीचा बिल्ला आहे, तो त्यांनी निवृत्तीनंतरही गाडीत ठेवला होता. मला तो हवा आहे. गाडी हवी आहे. आणि त्या रजिस्टरमधला शब्द बदलून हवा आहे. ज्याला वारस नाही ते बेवारस. मी त्यांची मुलगी आहे, धडधाकट उभी आहे.

कुठून सुरुवात करू?

जुना कारकून (१८ जून, सकाळी ७.०५)

ताई, आधी लिलाव थांबवा. बाकीचं सगळं नंतर. मी दुसऱ्या एका पालिकेत तीस वर्षं आवक-जावक सांभाळलं आहे, म्हणून सांगतो: तोंडी विनंतीला कार्यालयात अस्तित्व नसतं.

आजच सहायक आयुक्तांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. गाडी क्रमांक, उचलल्याची तारीख, वडिलांच्या निधनाची तारीख, तुमचं नातं. "सदर वाहन बेवारस नसून, हरकतीवर निर्णय होईपर्यंत त्याचा लिलाव अथवा विल्हेवाट करू नये" हे वाक्य ठळक असू द्या. सोबत मृत्यू दाखला, आरसी आणि विम्याची प्रत. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तशीच एक प्रत अतिक्रमण उपायुक्तांना आणि एक भांडार विभागाला, कारण लिलावाची यादी बहुतेक वेळा तिथे तयार होते आणि या दोन टेबलांचं एकमेकांशी बोलणं होतंच असं नाही.

त्याच अर्जात चार कागद मागा: पंचनामा, स्टिकर लावतानाचे आणि उचलतानाचे फोटो, उचलण्याचा आदेश, आणि १४,५०० ज्या दराने काढले त्या दराचा ठराव. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. पण लिलाव थांबवण्यासाठी माहिती अधिकारावर विसंबू नका, तो त्या वेगाने चालत नाही.

चौथी गल्ली (१८ जून, सकाळी ९.४०)

तुमच्या दुःखाबद्दल मनापासून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण अशा गाड्यांच्या तक्रारी करणाऱ्यांपैकी मी आहे.

आमच्या गल्लीत एक टेम्पो चार वर्षं उभा होता. टायरांत पाणी साचून डास, खाली कुत्र्यांची पिल्लं, आणि अग्निशमनाचा बंब आला तेव्हा वळेना. मी अकरा अर्ज केले तेव्हा तो हलला. रस्त्यावरून जाणाऱ्याला तुमची गाडी आणि तो टेम्पो यांतला फरक दिसत नाही. बसलेलं चाक, जांभळांचे डाग, दोन महिन्यांची धूळ, एवढंच दिसतं. स्टिकर लावणाऱ्या माणसाने द्वेषाने लावला असेल असं मला वाटत नाही.

पण दहा पावलांवरच्या वॉचमनला विचारायला हवं होतं. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

दिवाणी बाजू (१८ जून, दुपारी १.१५)

वकिली करते. थोडं नीट लिहिते, कारण इथे भावनेच्या भरात चुकीचा मुद्दा पुढे केला जाण्याची भीती आहे.

"मला नोटीस मिळाली नाही" हा तुमचा मुख्य मुद्दा करू नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३१ खाली, कायद्याविरुद्ध रस्त्यावर ठेवलेली वस्तू नोटीस न देताही हटवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. (मुंबईला हा कायदा लागू नाही, तिथे १८८८ चा वेगळा आहे.) ते याच कलमावर बोट ठेवतील. दुसरीकडे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२७ आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली गाडी हलवता येते, आणि त्याचा खर्च मालकावर पडतो. दहा तास म्हणजे काहीच नाही, तुमचे दोन महिने झाले. पण त्या कलमात हलवण्याची परवानगी हद्दीतल्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याने द्यायची असते. म्हणून पहिला प्रश्न लेखी विचारा: गाडी कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली उचलली? ते १२७ म्हणाले तर पोलिसांची परवानगी दाखवायला सांगा. २३१ म्हणाले तर त्या जागी गाडी उभी करणं कोणत्या तरतुदीविरुद्ध होतं ते विचारा.

दुसरा मुद्दा जास्त भक्कम आहे. रस्त्यावरून हलवणं वेगळं आणि विकून टाकणं वेगळं. चालू विमा, वैध नोंदणी आणि नंबर प्लेट असलेल्या गाडीचा मालक आरटीओच्या नोंदीत सापडतो. त्याला न कळवता विक्री झाली तर संविधानाच्या अनुच्छेद ३००अ चा प्रश्न येतो: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावून घेता येत नाही.

तुमच्या बाजूची एक उणीवही सांगते. राहण्याचा पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन अधिनियमाचं कलम ४९. वडील दोन वर्षं शहरात होते. हा प्रश्न निघेल. गावचं घर कायम होतं, आणि तिथेही पत्र आलं नाही, हे उत्तर तयार ठेवा.

आणि सगळ्यात तातडीचं. मालक वारल्यावर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. तुमची मुदत २८ जूनला संपते आणि तो शनिवार आहे. शुक्रवार २७ ची तारीख धरा. आई आणि भावंडांची संमती लागेल. त्या अर्जाची पोच हातात असली की "मालकाला आणा" या प्रश्नाला उत्तर मिळतं.

गाडी अडकून रोजचं भाडं वाढत असेल तर पैसे भरून सोडवा, पण पावतीसोबत लेखी द्या की रक्कम हरकत कायम ठेवून भरत आहे. परताव्यासाठी दाव्याची वेळ आलीच तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांच्या आत दावा. १९ मेपासून मोजा.

घाटमाथा (१८ जून, रात्री ८.३०)

माझी गाडी मी अशीच सोडवली होती. मला उपयोगी पडला तो वापराचा पुरावा. फास्टॅगच्या नोंदी, पेट्रोलची बिलं, गॅरेजचं शेवटचं जॉबकार्ड, दवाखान्याच्या पार्किंगच्या चिठ्ठ्या. तुमच्या डायलिसिसच्या तारखा आणि चिठ्ठ्यांच्या तारखा शेजारी शेजारी मांडा.

आणि ताई, गोदामात जाऊन गाडी बघून या. माझ्या गाडीतली बॅटरी आणि स्टेपनी गेली होती आणि ती कधी गेली हे मला सिद्ध करता आलं नाही. चारही बाजूंनी फोटो, मीटरचं रीडिंग, चेसिस नंबर. यंदा मेमध्येच पाऊस सुरू झाला, काच खाली राहिली असेल तर आत पाणी गेलं असेल.

कृष्णाकाठची (२८ जून, सायंकाळी ६.१०)

सगळ्यांना कळवायला उशीर झाला.

अर्ज १९ तारखेला तिन्ही टेबलांवर दिले, तिन्हीकडे आवक क्रमांक घेतला. भांडारातल्या बाईंनी माझ्यासमोर यादी उघडली. गाडी तिच्यात बाविसाव्या क्रमांकावर होती. त्यांनी पेन्सिलीने खूण केली, मी शाईने करायला सांगितलं, त्यांनी केली.

२० तारखेला गोदामात गेले. दोन डंपरच्या मध्ये होती. मागची डावी काच दोन बोटं खाली, सीट भिजून कुबट वास. बॅटरी गेली आहे, स्टेपनी आहे. मीटर ८१,४०६. कप्पा उघडेना, तिथल्या मुलाने पान्ह्याने उघडून दिला. दवाखान्याच्या चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या, पण तारखा वाचता येतात. एकोणीस निघाल्या. बिल्लाही होता. पितळ काळं पडलंय. तो त्यांनी पंचनाम्याशिवाय देणार नाही म्हटलं, म्हणून पंचनामा करवून घेतला आणि सही करून आणला.

चौथी गल्ली, तुमचं म्हणणं मला पटलं. गाडी तशीच दिसत होती, फोटोत मी पाहिलं. निघताना काचेवर फोन नंबर ठेवायचं सुचलं नाही. त्या दिवशी काहीच सुचत नव्हतं.

कलम कोणतं, याचं लेखी उत्तर अजून नाही. ठराव मात्र मिळाला. त्यातल्या दराने रक्कम ९,२०० होते, १४,५०० नाही. तेवढेच भरले, पावतीसोबत हरकत लेखी दिली. भावाचं संमतीपत्र कुरियरने आलं, आईने अंगठा न उठवता सही केली, आणि काल २७ ला फॉर्म ३१ सातारा आरटीओत जमा केला.

रजिस्टरमधला शेरा बदलण्याचा अर्ज वेगळा दिला आहे. साहेब म्हणाले, गाडी सुटतेय ना, मग शेऱ्याचं काय. मी म्हटलं, तोही अर्ज आवकला टाकला आहे. मंगळवारी बोलावलंय. जाताना नवी बॅटरी सोबत नेणार आहे.