स्टेंटनंतर रिपोर्ट नॉर्मल, पण रात्री घाबरायला होतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ४६. काही महिन्यांपूर्वी अटॅक आला, एलएडीमध्ये (हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत) ब्लॉक होता, स्टेंट टाकलाय. आता इको चांगला, स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह, रोज चालतो, जिने चढतो, काही त्रास नाही. म्हणजे कागदावर मी ठणठणीत आहे.

सगळा घोळ रात्री सुरू होतो. डाव्या कुशीवर झालो की ठोके उशीतून ऐकू येतात, मग मी मोजत बसतो, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि पुढचा धाडकन येतो की झालंच, हात गार, तळव्यांना घाम, बोटांना मुंग्या, श्वास पुरत नाही, छातीत डावीकडे टोचतं. घड्याळात बघावं तर पल्स ११०, तो आकडा बघून अजून वाढतो. मग बायको उठून बीपी मोजते, तेही चढलेलं. मध्यंतरी असंच रात्री इमर्जन्सीला गेलो, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) परत परत करून सकाळी घरी पाठवलं, काही निघालं नाही.

आमचे कार्डिओलॉजिस्ट हुशार आहेत, पण ओपीडीत उभ्या उभ्या बोलणं होतं. हार्ट छान चाललंय, टेन्शन घेऊ नका म्हणाले. अहो पण मी कुठे घेतोय, ते आपणहून येतं! घ्यायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं हे कोणीच सांगत नाही.

तर विचारायचंय हे. पॅनिक आणि अंजायना यातला फरक तुम्ही कसा ओळखता? श्रम केल्यावर दाबल्यासारखं दुखतं, जबड्यात किंवा हातात जातं आणि थांबलं की कमी होतं ते अंजायना, आणि पॅनिक बहुतेकदा दहाएक मिनिटांत टोकाला जाऊन ओसरतं, एवढं वाचलंय. पण माझा अटॅकच बसल्या जागी आला होता, त्यामुळे या नियमावर विश्वास कसा ठेवू? दुसरं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना एन्झायटीच्या गोळ्या चालतात का? आणि काउन्सेलिंगने कोणाला खरंच फरक पडलाय का, तिथे नेमकं करतात काय?

घरगुती उपायाने ब्लॉक विरघळतो वगैरे प्लीज लिहू नका, ते सगळं नातेवाइकांकडून ऐकून झालंय.

मनमौजी: रक्त पातळ करायची गोळी कुठली चालू आहे? टिकाग्रेलोर असेल तर श्वास पुरत नाही असं वाटणं हा त्या गोळीचाच नेहमीचा साइड इफेक्ट आहे. मला तेच व्हायचं आणि मी समजायचो हार्ट गेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि ते थांबलं. पण स्वतःच्या मनाने एक डोससुद्धा चुकवू नका, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल.

सांजवेळ: मी मानसोपचारात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. अटॅकनंतर असं होणारे खूप पेशंट येतात, तुम्ही एकटे नाही. फरक घरी ओळखत बसूच नका. दाब, घाम, हात-जबड्यात कळ असं काही असेल तर डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्या आणि पाच मिनिटांत उतरलं नाही तर सरळ ॲम्ब्युलन्स. गेल्यावर पॅनिक निघालं तर निघू दे, त्यात लाज कसली. बोटांच्या मुंग्या बहुतेकदा भराभर श्वास घेतल्याने येतात. श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, मिनिटाला साधारण सहा श्वास, आणि याची सवय दिवसा बरं असताना करायची, ऐनवेळी जमत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर सर्ट्रालिन (डिप्रेशन-एन्झायटीची गोळी) हार्ट पेशंटमध्ये नीट तपासलेली आहे, २००२ मध्ये त्याची मोठी ट्रायल आली होती. त्याच प्रकारच्या सिटालोप्राम गटात ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) बघावा लागतो, आणि या गोळ्या ॲस्पिरिनसोबत घेतल्या की ब्लीडिंगची शक्यता थोडी वाढते. डिप्रेशनच्या जुन्या, ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्या सहसा टाळतात. त्यामुळे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत हव्यात.

काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे सीबीटीमध्ये (विचार आणि सवयी बदलायची थेरपी), तुमच्या केसमध्ये पहिलं काम त्या घड्याळावरच होईल. पल्स बघितली की क्षणभर बरं वाटतं म्हणून परत बघावीशी वाटते, आणि भीतीला खतपाणी मिळतं. कार्डिॲक रिहॅब (हार्ट पेशंटसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम) मिळत असेल तर तेही करा, देखरेखीखाली पल्स १२० पर्यंत गेली आणि काही झालं नाही हे शरीराला कळावं लागतं, नुसतं सांगून पटत नाही.

बिनकामाचा: +१ रिहॅबला. माझी निम्मी भीती तिथल्या ट्रेडमिलवरच गेली.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. मनमौजी, गोळी टिकाग्रेलोरच आहे, आणि श्वासाचं मी ओपीडीत बोललोच नव्हतो कारण मला वाटलं तेही टेन्शनच. आता फोन करून विचारतो, तोवर चालू ठेवतो. सांजवेळ, रिहॅबबद्दल आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. एकच शेवटचं, मानसोपचाराला जाताना कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी लागते का की डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी घेऊन थेट गेलं तर चालतं?