शटरच्या खोलीत उंदीर, गाडीची वायर दुसऱ्यांदा कुरतडली. काय करू?

जुळेसोलापूरकर

गॅरेज म्हटलं की आपल्याकडं मेकॅनिकचं दुकान डोळ्यापुढं येतं, म्हणून आधीच सांगतो, मी घराखालच्या शटरच्या खोलीबद्दल विचारतोय. शहाबादी फरशी, लोखंडी शटर. आत गाडी, बायकोची स्कूटर, पाण्याची दोन निळी पिंपं (नळ किती दिवसांनी येतो ते सोलापूरकरांना सांगायला नको), गावाकडनं आलेली मालदांडी ज्वारीची तीन पोती आणि सासऱ्यांचे माग बंद झाले तेव्हा उरलेल्या चादरींचा एक गठ्ठा.

परवा गाडी ओढेना. मेकॅनिकनं एअर फिल्टरचा डबा उघडला आणि काही न बोलता मला बोलावलं. फिल्टरच्या घड्यांवर शेंगांची टरफलं, मूठभर तरी. कोपऱ्यात वाटीएवढं घरटं. त्यातली लाल-हिरवी सुतं ओळखीची वाटली म्हणून घरी येऊन गठ्ठा उलटला, तर खालच्या दोन चादरींना ताटलीएवढी भोकं. शेजारची सेन्सरची वायर तांब्यापर्यंत सोललेली. बिल ४,२००. दिवाळीनंतर ही दुसरी वेळ.

आतापर्यंत केलेले उपाय: बॉनेटमध्ये तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, आणि ऑनलाइन मागवलेलं आवाजाचं यंत्र. यंत्राच्या मागंच लेंड्या सापडल्या. आईला मारणं पसंत नाही, म्हणून पिंजरा लावून दोन पकडले आणि चार घरं सोडून मोकळ्या प्लॉटवर सोडले. आता सगळे म्हणतात सरळ विष टाक. टाकू का?

शेंगाचटणी_कडकभाकरी

टेन्शन का घ्यायलास बे. गोंदाचा पॅड आण, मधे एक भजी ठेव, सकाळी दोन-तीन चिकटलेले असतात. आमच्या दुकानात तेच चालतंय.

सुताचंगोदाम

पॅडवाल्या भावा, सकाळी ते चिकटलेलं जिवंत, ओरडणारं उंदीर हातानं उचलून टाकायचं काम एकदा स्वतः कर, मग सांग. मी केलंय. परत केलं नाही.

जुळेसोलापूरकर, मी २६ वर्षं सुताच्या गोदामात काढली. उंदीर कोनला, म्हणजे शंकूवर गुंडाळलेल्या सुताला, एकदा तोंड लावतो, पण एका चाव्यात सुताचे शंभर थर तुटतात, अख्खा कोन भंगारात जातो. त्यामुळं उंदरावर माझा अभ्यास पगारी आहे.

आधी लेंडी बघा. तांदळाएवढी, दोन्हीकडं टोकदार असेल तर घरातलं लहान उंदीर. खारकेच्या बीसारखी मोठी असेल तर मोठा उंदीर किंवा घूस, त्याचं गणित वेगळं. एअर फिल्टरमध्ये घरटं म्हणजे तुमचं बहुधा लहानच. लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की त्याच रात्री हुंगायला येतो. मोठा उंदीर नव्या सापळ्याला आठ-आठ दिवस हात लावत नाही.

आता तुमची खरी चूक. तुम्ही उंदीर काढताय, वाट तशीच ठेवलीय. माझी पद्धत सांगतो. रात्री खोलीतले दिवे बंद करून आत उभे राहा, मुलाला बाहेरून शटरच्या कडेनं बॅटरी फिरवायला सांगा. जिथं उजेड आत येतो तिथं पेन्सिल घालून बघा. पेन्सिल गेली तर उंदीर जातो. शटर खाली पूर्ण टेकलंय असं वाटतं, पण दारातली फरशी पाण्यासाठी उताराला असते, त्यामुळं एका टोकाला बोटभर फट राहतेच. नुसता रबर लावू नका, तो आठवड्यात खातील. खाली लोखंडी पट्टी मारून घ्या, वेल्डर तासाभरात करून देतो. शटर ज्या उभ्या चॅनेलमध्ये सरकतं त्याची खालची टोकं बघा. बोअरची केबल आणि ड्रेनेजचा पाइप भिंतीतून येतो तिथं तर हमखास. त्या भोकात तारेची घासणी गच्च कोंबा आणि वरून सिमेंट. नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरतात.

वाट सापडत नसेल तर भिंतीच्या कडेनं रांगोळी बारीक पसरून झोपा. सकाळी पावलं दिसतात, कुठून आली आणि कुठं गेली सगळं. उंदीर खोलीच्या मधून जात नाही, मिशा भिंतीला घासत जातो. म्हणून सापळाही भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडं.

चापाचे सापळे घ्या, पण एक नको. पाच-सहा एकदम. पहिल्या दोन रात्री चाप न चढवता नुसतं खाणं ठेवा. आणि खाणं म्हणजे भजी नव्हे. भाजलेला शेंगदाणा चापाच्या पत्र्याला दोऱ्यानं बांधा, म्हणजे ओढावं लागतं. दोन सापळ्यांना नुसतं सूत बांधा. हसू नका. घरटं करणाऱ्या मादीला खाण्यापेक्षा सुताची ओढ जास्त, गोदामात माझ्या सगळ्यात जास्त माद्या सुतावरच मिळाल्या. एक मादी वीस दिवसांत पाच-सहा पिल्लं घालते, त्यामुळं मादी महत्त्वाची.

विषाबद्दल: त्या विषाच्या केकमुळं उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस लागतात, आणि मरतो तो त्याच्या बिळात. पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो ही थाप आहे. एप्रिलमध्ये गोदामात सुताच्या गाठींच्या मागं एक मेला होता. बेचाळीस डिग्री. चाळीस गाठी हलवल्या तेव्हा सापडला. तुमच्याकडं तर खायची ज्वारी आहे. काळ्या पावडरीचं तर नावच काढू नका, झिंक फॉस्फाइड आहे ते, पोटात जाऊन विषारी गॅस होतो, त्यावर उतारा नाही.

ज्वारी पत्र्याच्या कोठीत हलवा. नाहीच जमलं तर पोती फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब, मागं झाडू जाईल एवढी. चादरी वर घरात न्या, ओ. सासऱ्यांच्या हातच्या आहेत.

अंगणातली_जाई

गोदामवाल्या काकांचं बरोबर आहे. एक आमचंही ऐका. शेजारच्यांनी विषाचा केक टाकला होता, आमच्या मोतीनं काय खाल्लं कळलं नाही. दोन-तीन दिवस ठणठणीत. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, आसपास उंदराचं औषध टाकलंय का? या विषानं रक्त गोठायचं थांबतं. महिनाभर व्हिटॅमिन के वन दिलं तेव्हा वाचला. औषधाचा डबा कुणी फेकू नका, आत काय आहे ते डॉक्टरला त्यावरूनच कळतं.

आणि जुळेसोलापूरकर, साफ करताना कोरडं झाडू नका. आधी ब्लीचिंगचं पाणी मारून दहा मिनिटं थांबा, हातमोजे घाला, मग कागदानं पुसून घ्या. लेंडी-मुताची धूळ नाकात जायला नको. हात-पायाला जखम असेल तर जास्त जपा, लेप्टो (उंदराच्या मुतातून पसरणारा ताप) त्यातूनही होतो.

जुळेसोलापूरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय. काका, बॅटरीचा प्रयोग केला. शटरची फट उजव्या टोकाला होतीच, पण खरी वाट बोअरच्या केबलची निघाली. भिंतीत दीड इंचाचं भोक, मीच पाडून घेतलेलं, केबल करंगळीएवढी. त्याच्या कडा तेलकट काळ्या झाल्या होत्या, येऊन-जाऊन. पिंपाच्या तोटीखाली थेंब-थेंब पाणी साचत होतं, म्हणजे त्यांचं नळाचं पाणी आमच्यापेक्षा नियमित होतं. तोटीचा वायसर बदलला.

सहा सापळे लावले, आठ रात्रींत सात उंदीर. तीन सुतावर. आईला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच विचारलं, "आज किती?" मोकळ्या प्लॉटवर सोडलेले दोघं याच सातांत असणार असं तिचं म्हणणं आहे. वेल्डरनं पट्टीचे ६०० घेतले. दहा दिवस झाले, रांगोळीवर एकही पाऊल नाही.

फक्त काल रात्री पायरीजवळ लांब नाकाचं, चिक्‌चिक्‌ करत भिंतीच्या कडेनं पळणारं एक दिसलं. वासही होता.

सुताचंगोदाम

चिचुंद्री ती. किडे-झुरळं खाते, वायरीला तोंड लावत नाही. राहू द्या.

जुळेसोलापूरकर

आईही तेच म्हणाली. राहिलीय.