मदत हवी आहे: शेजारी दात नसताना स्प्लिंट (हलणारा दात शेजारच्या दातांना जोडून धरणारी तार) कशाच्या आधाराने धरायचा?

डॉक्टर मंडळी, ८ वर्षांचा मुलगा काल सायकलवरून तोंडावर पडला. वरचा उजवा मधला कायमचा दात (११) ३ मिमी खाली लोंबत होता, चांगलाच हलत होता. भूल देऊन बोटाने हळूच जागेवर बसवला. एक्स-रेत मूळ तुटलेलं नाही, मुळाचं टोक अजून उघडं आहे (मूळ अजून वाढतंय). म्हणून रूट कॅनालची घाई नाही. खालचे दात अडत नाहीत, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय.

अडचण शेजाऱ्यांची. २१ (डावा मधला) पक्का आहे, पण १२ (११ च्या बाहेरच्या बाजूचा) आलेलाच नाही, २२ (२१ च्या बाहेरच्या बाजूचा) नुसता डोकावतोय. ०.४ मिमी स्टीलची तार कॉम्पोझिटने (दात भरायच्या मसाल्याने) ११, २१ आणि दोन्ही दुधाच्या सुळ्यांवर चिकटवली. उजव्या सुळ्यावरचं रात्रीतच सुटलं. (हिरडीतून रक्त येत होतं, कोरडं ठेवणार कसं!) मासेमारीचा नायलॉन दोरा हाताशी आहे, पण कायमचे दात इतके कमी असताना त्यावर भरवसा वाटत नाही. जाड तार नको, स्प्लिंट लवचीकच हवा आणि २ आठवड्यांत काढायचा आहे.

मूल उद्या सकाळी येईल. तार दुधाच्या दाढांपर्यंत न्यावी, की दाताच्या कडेवरून टाका घालून धरावा? कुणी केलंय का?